श्यामलालजींची निर्णयबंदी

श्यामलालजी रहांगडाले यांना निर्णय घ्यायला बंदी झाली ती दिवाळीनंतरच्या एका सोमवारी, सकाळी साडेअकरा वाजता, माझ्या टेबलासमोर.

मी रेणू रामटेके. गोंदियाहून तिरोड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांची राईस मिल आहे, तिथल्या ऑफिसात मी नऊ वर्षांपासून कागदपत्रं सांभाळते. या नऊ वर्षांत मालकांना विचारल्याशिवाय त्या आवारात काही झालेलं मी पाहिलं नव्हतं. आलेलं धान घ्यायचं की गाडी परत पाठवायची, हे ते दाताखाली एक दाणा फोडून ठरवत. ते ठीकच, मिल त्यांची होती. पण हमालांच्या लेकरांची नावं तेच ठेवत, ड्रायव्हरनं कोणत्या रंगाची मोटारसायकल घ्यावी ते तेच सांगत, आणि माझ्या लग्नातला स्वयंपाकीसुद्धा त्यांनीच ठरवला होता. त्यानं वरणात साखर घातली. माझे सासरे अजून बोलतात.

घरातही तीच तऱ्हा. मुलगा विक्की पस्तिशीला आला तरी हॉटेलात गेल्यावर मेनूकार्ड उघडून न बघताच बापाकडे सरकवायचा. बायको सुमित्राबाई, आम्ही सगळे त्यांना बाईजी म्हणतो, मिल सुरू झाल्यापासूनच्या एकतीस वर्षांत तिच्या मुख्य दारातून फक्त दसऱ्याला आत आल्या होत्या, मशीनला हळदकुंकू लावायला. घर मिलच्या मागेच, एकाच आवारात, मध्ये फक्त कोंड्याचे ढीग.

आमचा माल म्हणजे उसना तांदूळ, धान आधी उकडून, वाळवून मग कांडलेला. तो विशाखापट्टणमहून जहाजानं पश्चिम आफ्रिकेत जातो. त्या वर्षी निर्यातीवरचं शुल्क उठलं आणि मागणी अशी काही आली की मशीन थंड व्हायलाही वेळ मिळेना. तेव्हा नागपूरचे आमचे सीए, स्वप्निल सर, एक योजना घेऊन आले. टोकदार बूट, हातात टॅब, आणि प्रत्येक वाक्यानंतर "सिंपल आहे".

योजना अशी की दुबईत एक कंपनी काढायची. मिल गोंदियातच राहील, पण तांदूळ दुबईच्या कंपनीला विकेल. ती तो आफ्रिकेला विकेल. मधला नफा दुबईत राहील, आणि तिथे त्यावर कर शून्य. विक्की संचालक म्हणून तिकडे जाऊन बसेल. थोडक्यात, हातपाय गोंदियात आणि डोकं दुबईत.

"फक्त एक अट आहे, काका," स्वप्निल सर म्हणाले. "कायदा असं म्हणतो की कंपनी कागदावर कुठलीही असो, तिचे मोठे निर्णय खरोखर जिथे बसून होतात ती तिथली. निर्णय गोंदियात झाले तर कंपनी गोंदियाची, आणि पूर्ण कर इथेच. म्हणून आजपासून तुम्ही एकही निर्णय घ्यायचा नाही. माल कोणता, भाव काय, गिऱ्हाईक कोण, काहीच नाही."

"आन् सल्ला देल्ला तं?"

"सल्लाही नको."

"नुसती मान हालवली तं?"

स्वप्निल सरांनी जरा विचार केला. "मान हलवणंही टाळा."

"मंग मी माहं डोकं कुठी ठेवू, बाप्पा?"

"घरी ठेवा, काका. सिंपल आहे."

मालक माणूस असा की एखादी गोष्ट करायची ठरली की अर्धवट करणार नाहीत. दुबईचा निर्णय कोणता आणि मिलचा कोणता हे वेगळं काढणं त्यांना जमेना, कारण सगळाच तांदूळ शेवटी दुबईच्या नावावर जात होता. मग त्यांनी सरसकट सगळेच निर्णय बंद केले.

पहिले दोन आठवडे बघवत नव्हते. धानाची गाडी आली की हमालांचे मुकादम सेवकरामभाऊ सवयीनं तळहातावर चार दाणे घेऊन यायचे. मालक खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करायचे. "मले नोको दाखवू. दुबईले दाखव." सेवकरामभाऊ दाणे घेऊन तसेच उभे राहायचे, मग माझ्याजवळ येऊन हळूच विचारायचे, "मालकाले लकवा तं नाई ना मारला?" एकदा चहावाल्यानं विचारलं, साखरेचा की बिनसाखरेचा. मालकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच घाईनं "बिनसाखरेचा" म्हणून टाकलं.

तिसऱ्या आठवड्यात ते बीपी दाखवायला गेले. दहा वर्षं एकशे साठच्या खाली न आलेलं बीपी एकशे तीस भरलं. डॉक्टरांनी दोनदा मोजलं आणि विचारलं, गोळी बदलली का.

"गोळी नाई," मालक म्हणाले, "डोकं दुबईले पाठवलं."

त्यानंतर मात्र ते सुटलेच. मुन्नालाल नावाचे त्यांचे शाळेतले मित्र बोदलकसा तलावावर मासेमारी करतात. मालक त्यांच्या डोंग्यात जाऊन बसू लागले. आधी रविवारी, मग बुधवारीही, मग रोजच. विक्कीनं उंट छापलेला पिवळा टी-शर्ट पाठवला होता, तो घालून सकाळी निघायचे, दुपारी ओल्या पिशवीत मासोळ्या घेऊन यायचे आणि कोंड्याच्या ढिगांमधून शीळ घालत घरी जायचे. एका हमालाला मुलगी झाली. तो नाव विचारायला आला तर म्हणाले, "तुमची पोरगी, तुमीच ठेवा." त्या नवराबायकोनं चार दिवस भांडून एक नाव ठरवलं आणि सगळ्या आवारात पेढे वाटले. मालकांची धाकटी मुलगी खुशी, तिनं फार्मसी करायची असं त्यांनी ती सातवीत असतानाच ठरवलं होतं. तिनं भीतभीत सांगितलं की तिला सारस पक्ष्यांचा अभ्यास करायचा आहे. "भारतात मी निर्णय घेत नाई, बेटा," असं ते म्हणाले मात्र, ती त्याच तासाला फॉर्म भरायला पळाली. न जाणो, दुबईची कंपनी बुडाली आणि ते पुन्हा ठरवायला लागले तर.

आता दुबईचं सांगते. विक्कीला तेविसाव्या मजल्यावर काचेची खोली मिळाली होती, एक टेबल, दोन खुर्च्या आणि खाली समुद्र. आमच्या एका मिलचा तांदूळ मागणीला पुरेना, म्हणून पहिल्याच आठवड्यात त्याच्यापुढे बाहेरच्या दोन मिलवाल्यांचा माल आला, भाव एकच. कोणता घ्यायचा? त्यानं बापाला फोन लावला.

"मी भारतात हाव. मले इचारू नोको," असं म्हणून मालकांनी फोन शेजारी बसलेल्या बाईजींच्या मांडीवर टाकला, तापलेलं भांडं टाकावं तसा, आणि स्वतः उठून बाहेर गेले.

बाईजी मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगा मोडत होत्या. फोन कानाला लावून त्यांनी पोराचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दोन्ही नमुने इथंच हायेत ना मिलमंधी? थांब. शिजवून पायतो."

हे मी स्वतः पाहिलं, कारण नमुने घेऊन मीच गेले. घराच्या मागच्या सपरीत, म्हणजे पडवीत, त्यांनी दोन गंजांत, छोट्या पातेल्यांत, भात टाकला. उतरवल्यावर चाखला. दोन्ही सारखेच. मला वाटलं झालं. पण त्यांनी दोन्ही भात झाकून ठेवले आणि मला चार वाजता परत बोलावलं. एक भात मोकळा होता. दुसऱ्याला किंचित आंबूस वास आला होता.

"त्या देशातल्या बाया बी सकारी एकदाच भात टाकत असतीन आन् सायंकारपर्यंत पुरवत असतीन," त्या म्हणाल्या. "कोन दिवसातून तीनदा चूल पेटवते? हा दुसरा नोको." आणि फोनवर, "विक्की, पयला घे. दोन रुपये जास्त मांगतीन तरी घे."

विक्कीनं घेतला. दीड महिन्यानं आफ्रिकेतल्या कोटोनू बंदरातल्या व्यापाऱ्याचा निरोप आला की असाच पाठवा, तिप्पट पाठवा.

तेव्हापासून रोज सकाळी मी स्टीलच्या डब्यांतून नमुने नेऊ लागले. बाईजी भात शिजवायच्या, झाकायच्या, संध्याकाळी चाखायच्या, आणि विक्कीला सांगायच्या. हळूहळू विक्की भाव विचारायला लागला, मग गिऱ्हाईक विचारायला लागला, मग बँक कोणती तेही. बाईजी कधी लगेच सांगायच्या, कधी म्हणायच्या, "रातभर इचार करतो, उद्या सांगतो," आणि खरंच दुसऱ्या दिवशी सांगायच्या. आणि मी इथे गोंदियात बसून कंपनीचं इतिवृत्त टाईप करायची: दुबई येथे भरलेल्या सभेत संचालक मंडळाने सखोल चर्चेअंती ठरवले की. सखोल चर्चा मी ऐकलेली असायची. ती मुनग्याच्या शेंगा मोडताना झालेली असायची. पण मी स्वतःची समजूत घालायची की बाईजी नुसता भात शिजवतात, ठरवतो विक्कीच.

ती समजूत जानेवारीत तुटली. सगळे व्यापारी वाट्टेल त्या भावानं धान उचलत होते, कारण उन्हाळ्यात माल मिळणार नाही अशी हवा होती. विक्कीही घाबरून मोठी खरेदी करणार होता. बाईजींची बहीण जमुनाबाई अर्जुनी मोरगावकडे दिलेली आहे. तिचा फोन आला, लेकीच्या बाळंतपणाबद्दल, आणि बोलता बोलता ती म्हणाली, इटियाडोह धरणाचं पाणी सुटून राहिलं, आमच्या इकडे सारेच उन्हाळी धान लावून राहिले. बाईजींनी बाळंतपणाचं बोलणं नीट संपवलं, सुंठीच्या लाडवांचं प्रमाण सांगितलं, आणि मग विक्कीला फोन केला. "एक पोतं बी घेऊ नोको. विकायचं तेवढं आताच विकून टाक. मे महिन्यात धानाले कोन इचारनार नाई."

मे महिन्यात तसंच झालं. बाकीचे कपाळाला हात लावून बसले, आणि आमच्या दुबईच्या कंपनीनं चौदा महिन्यांत सहा कोटींच्या वर नफा कमावला.

मालक बोदलकशावर सगळ्या कोळ्यांना सांगत फिरायचे, "पोरगा वाघ निघाला. मीच त्याले इतके साल दाबून ठेवलो होतो." घरी जेवताना हेच पुन्हा सांगायचे. बाईजी ऐकून घ्यायच्या आणि त्यांच्या ताटात अजून एक मासोळी वाढायच्या. मी एकदा त्यांना विचारलं, तुम्ही मालकांना सांगत का नाही. त्या म्हणाल्या, "सांगतलं तं कर लागते ना." आणि पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की भाताचं झाकण हातातून पडलं.

पुढच्या फेब्रुवारीत एका सकाळी आवारात तीन गाड्या शिरल्या. आयकर विभाग. पाच-सहा माणसं आणि त्यांच्या अधिकारी रुची मॅडम, चाळिशीच्या, पायात कॅनव्हासचे बूट, हातात स्वतःचा जेवणाचा डबा. शांत बाई. कागद बघायच्या आधी त्या आवारात फिरल्या आणि ज्याला त्याला एकच प्रश्न विचारला: इथे ठरवतं कोण?

स्वप्निल सरांनी आम्हा सगळ्यांना पढवून ठेवलं होतं, पण त्याची गरज नव्हती. सेवकरामभाऊ म्हणाले, "मालक काईच ठरवत नाईत, मॅडम. मासोऱ्या पकडतेत." ड्रायव्हर म्हणाला, "मालक तो बस सीटी बजाते हैं." चहावाल्यानं साखरेचा किस्सा सांगितला. मुन्नालालांना फोन लावला तर ते म्हणाले की डोंगा कुठे न्यायचा हेही श्यामलाल सांगत नाही, चौदा महिने झाले. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं बीपी दाखवण्यात आलं. स्वप्निल सर नागपूरहून धावत पोचले तेव्हा सगळं इतकं चांगलं चाललं होतं की ते खुर्चीत मागे रेलून टोकदार बूट हलवायला लागले.

मग रुची मॅडमनी मला बोलावलं. शपथेवर जबाब. समोर मी टाईप केलेली सगळी इतिवृत्तं.

"ही तुम्ही लिहिली?"

"हो."

"श्यामलालजींनी यातला एखादा निर्णय घेतला?"

"एकही नाही." हे खरं होतं, म्हणून मी झटकन बोलले.

"मग विक्कीजींनी घेतले?"

इथे मी थांबले. स्वप्निल सर माझ्याकडे बघून हलकेच मान हलवत होते, होकाराची. इतिवृत्तात विक्कीचं नाव होतं, खाली विक्कीची सही होती. हो म्हटलं की संपलं. पण मला ती दुपार आठवली, दोन झाकलेले गंज आणि चार वाजता आलेला आंबूस वास. मी चौदा महिने एका बाईची अक्कल दुसऱ्याच्या नावावर टाईप करत होते. शपथेवर पुन्हा एकदा तेच करायला माझी जीभ वळेना.

"नाही," मी म्हणाले. "बाईजींनी घेतले."

"कोण बाईजी?"

"मॅडम, त्या गृहिणी आहेत," स्वप्निल सर उठले. "स्वयंपाक करतात. सिंपल आहे."

रुची मॅडमनी पेन खाली ठेवलं. तेवढ्यात बाईजीच दारात आल्या, सगळ्यांना जेवायला बोलवायला. सरकारी माणसं असली म्हणून काय, बारा वाजून गेले होते. त्यांनी माझा चेहरा पाहिला, मॅडमचा पाहिला, आणि काय झालं ते समजून म्हणाल्या, "या ना, पायून घ्या. मांगं सपरीत या."

सपरीत बाकावर अठरा वाट्या मांडलेल्या होत्या, प्रत्येकीखाली लॉटच्या नंबरची चिठ्ठी. भिंतीवर कोळशानं तारखा लिहिल्या होत्या आणि कुठल्या गिऱ्हाइकाला काय आवडतं ते खुणांनी काढलं होतं.

"हे घरचं जेवण आहे," स्वप्निल सर म्हणाले.

"अठरा वाट्या भात?" मॅडमनी विचारलं.

आणि बाईजींचा फोन वाजला. हातात वरणाची पळी होती म्हणून त्यांनी कोपरानं बटण दाबलं आणि फोन बाकावर ठेवला. विक्कीचा आवाज सगळ्या सपरीत घुमला. "माय, कोटोनूवाला टनामागं बारा डॉलर कमी मागून राहिला. देऊ का?"

स्वप्निल सर फोनकडे झेपावले, पण मध्ये भाताच्या वाट्या होत्या.

बाईजींनी रुची मॅडमकडे पाहिलं, मग फोनकडे. "चार कमी कर. आठ नाई, बारा तं बिलकुल नाई. त्याच्या गोदामात माल संपला हाय, मांगच्या हप्त्यात त्यानं तीनदा फोन केला, माल कधी येते म्हून. दोन दिवस त्याचा फोन उचलू नोको." फोन बंद. "मॅडम, तुमाले वरण वाढू का?"

 तेवढ्यात कोंड्याच्या ढिगांमागून शीळ ऐकू आली आणि उंटाचा टी-शर्ट घातलेले मालक ओली पिशवी घेऊन सपरीत आले. इतकी माणसं बघून ते थबकले. मॅडमनी विचारलं, "तुमच्या पत्नी ही कंपनी चालवतात, हे तुम्हाला माहीत होतं?"

"मले काऊन मालूम राहीन?" मालक म्हणाले. "मी तं निर्णयच घेत नाई." मग त्यांनी बाईजींकडे पाहिलं. वाट्यांकडे पाहिलं. भिंतीकडे पाहिलं. "उन्हाळ्याच्या आधी खरेदी रोकली, ते?"

"मीच."

"बालाघाटच्या पार्टीले तोडलं, ते?"

"मीच. त्याचा तांदूर कुबट होता."

मालक हळूहळू माशांच्या पिशवीशेजारी जमिनीवर बसले. आधी त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतात. मग हसू बाहेर फुटलं, असं की मुंडी मागे पडली, डोळ्यांतून पाणी आलं, पिशवीतली एक मासोळी निसटून बाकाखाली गेली. बाईजी पळी धरून हसायला लागल्या. एक शिपाई हसला, मग दुसरा. रुची मॅडम जबाब लिहून घेत होत्या, पण त्यांच्या पेनाची रेघ थरथरत होती. जेवल्या मात्र स्वतःच्याच डब्यातलं.

दोन महिन्यांनी नोटीस आली. इंग्रजीत होती, मी बाईजींना मराठीत वाचून दाखवली. त्यात म्हटलं होतं की कंपनीचा कारभार वस्तुतः सौ. सुमित्राबाई रहांगडाले या गोंदिया येथील राहत्या घराच्या मागील पडवीतून पाहतात, म्हणून कंपनी भारतातली धरून तिच्यावर कर का लावू नये. दोन कोटी अकरा लाख, वर व्याज. बाईजींनी ते वाक्य मला पुन्हा वाचायला लावलं, आणि मग पुन्हा. "'कारभार पाहतात' असंच लिहिलं हाय का? इंग्रजीत बी?"

"तसंच लिहिलं आहे."

"मही सही असलेला कागद राशनकार्डाशिवाय कुठीच नाई," त्या म्हणाल्या, "आन् सरकारनं पाय कसं लिहून देल्लं."

स्वप्निल सर त्याच दुपारी आले. त्यांच्याकडे उपाय होता. एक प्रतिज्ञापत्र, तयार, फक्त सही हवी. त्यांनी ते टेबलावर पसरलं आणि मी वाचलं: मी अल्पशिक्षित गृहिणी असून मला व्यापारातले काही कळत नाही. मी मुलाशी केवळ कौटुंबिक गप्पा मारते. तांदूळ शिजवण्यापलीकडे कंपनीशी माझा संबंध नाही.

"एवढं सिद्ध झालं की केस आपण जिंकू शकतो," सर म्हणाले. "वर अपिलात गेलो तरी वर्षभरात. दोन कोटी वाचतील, काकू. एक सही."

दुबईहून विक्की व्हिडिओवर होता. तो काचेच्या खोलीत मान खाली घालून बसला होता. "माय, तू म्हणशील तसं," एवढंच म्हणाला. खुशी दाराला टेकून उभी होती. सगळ्यांचे डोळे आपोआप मालकांकडे गेले, जुन्या सवयीनं. मालकांनी दोन्ही हात वर केले. "मी काई बोलनार नाई. पन एक सांगतो. तो कागद खरा असन तं मी चौदा महिने सुखानं कोनाच्या भरोशावर झोपलो?"

बाईजींनी कागद माझ्याकडून घेतला. त्या चौथीपर्यंत शिकल्या आहेत, अक्षर लावून लावून वाचतात. त्यांनी पूर्ण वाचला, आम्ही सगळे उभे होतो. मग बोट ठेवून म्हणाल्या, "'तांदूळ शिजवते' हे खरं हाय. बाकीचं खोटं हाय. खोट्यावर मी सही करत नाई."

"काकू, दोन कोटी अकरा लाख."

"दुसऱ्यांनी उन्हाळ्याच्या आधी धान घेतलं, त्यांनी किती घालवले?"

स्वप्निल सरांनी टॅब उलटा ठेवला.

"तुमच्या त्या दुबईनं वाचवले दोन. म्या कमावले सहा. सहातून दोन गेले तं चार राह्यतेत. चार बी कमी नाईत. भरून टाका." मग स्क्रीनकडे वळून, "विक्की, तू सामान बांध. तिथं जेवन बरोबर नाई, पाय कसा सुकला."

विक्की इतका खुलला की त्यानं तिथल्या तिथे खुर्चीवर गोल गिरकी घेतली. त्याच्यामागे समुद्रही फिरला.

पैसे भरायचा दिवस शुक्रवार होता. आता चलन संगणकावरच भरतात, म्हणून सगळे माझ्या टेबलामागे उभे: बाईजी मुख्य दारातून आलेल्या, मालक, खुशी, परत आलेला विक्की. स्वप्निल सर चेहरा पाडून कोपऱ्यात. मी रक्कम टाकली, शून्यं तीनदा मोजली, बटण दाबलं. स्क्रीनवर आलं की मोबाईलवर आलेला सहा आकडी ओटीपी टाका, तीन मिनिटं.

"कोणाच्या मोबाईलवर?" मी विचारलं.

बँकेचं खातं जुनं होतं. मालकांचा नंबर. मालकांनी खिसे चाचपले. फोन नव्हता. "सेवकरामले देल्ला होता, त्याले भजन आयकाचं होतं."

विक्की धावला. सेवकरामभाऊ कोंड्याच्या ढिगावर चढून पडले होते, कानात वायर. त्यांना हलवून उठवेपर्यंत वेळ संपला. मी परत मागवला. या वेळी सेवकरामभाऊंना संदेश उघडता येईना, आणि विक्की फोन घेऊन पळत निघाला तर ढिगात गुडघ्यापर्यंत रुतला. पुन्हा वेळ संपला. स्वप्निल सर म्हणाले, तीनदा चुकलं तर खातं बंद पडेल, सोमवारपर्यंत, आणि सोमवारी तारीख निघून गेलेली असेल.

"पोरी, तू मांगव," बाईजी म्हणाल्या. त्या दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि एवढ्या वर्षांत मी त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता. "मशीन बंद करा."

मशीन बंद झाली. इतकी शांतता त्या आवारात मी कधी अनुभवली नव्हती, कबुतरांचे पंखसुद्धा ऐकू येत होते. ढिगावरून विक्कीनं आकडा वाचला. "चार." खालच्या हमालानं तो पुढे दिला, चार, त्याच्या पुढच्यानं, चार, गोदामाच्या दारात उभ्या सफाईच्या बाईनं, चार, खुशीनं, चार. मी चार टाकला. "शून्य." शून्य, शून्य, शून्य. मधेच एकानं सात ऐकलं आणि दुसऱ्यानं साठ, तर चौघं एकदम ओरडले, सात, सात. मालक माझ्या मागे डोळे मिटून उभे होते आणि प्रत्येक आकड्याला टाचा उचलत होते. सहावा आकडा आला तेव्हा अकरा सेकंद उरले होते. मी बटण दाबलं. स्क्रीनवरचं चाक फिरलं, फिरलं, आणि हिरवी खूण आली.

मी नुसता अंगठा वर केला. तो अंगठा खुशीनं बाहेर दाखवला, तिचा सफाईच्या बाईनं, तिचा हमालांनी, आणि ढिगावरचे सेवकरामभाऊ दोन कोटी अकरा लाखांसाठी दोन्ही हात वर करून नाचायला लागले, कोंडा उडवत, कशासाठी ते नक्की माहीत नसताना. विक्की त्यांना धरायला गेला आणि दोघेही घसरत खाली आले. सफाईच्या बाया एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होत्या. कोपऱ्यातले स्वप्निल सरही हसले. मी पाहिलं.

प्रिंटरमधून चलनाची पावती निघाली, अजून ऊनऊन. बाईजींनी ती दोन बोटांत धरून उजेडाकडे केली, नाव वाचलं, रक्कम वाचली, आणि पदराच्या टोकानं घाम पुसला.

"चाला," त्या म्हणाल्या, "मशीन लावा. बाहेर धानाच्या तीन गाड्या उभ्या हायेत."